काडीपेटीतला दुष्काळ

फेब्रुवारी लागला की धाराशिव जिल्ह्यात धूर दिसू लागतो. कळंबच्या बाजूला तोड झालेल्या उसाच्या फडांवर, उमरगा-लोहाऱ्याकडे बांधांवर, भूम-वाशीच्या माळांवर, येडशीच्या घाटात डोंगरउतारावर. पुढे दीड-दोन महिन्यांत त्याच रस्त्यांवर टँकर धावू लागतात. टँकरसाठी मोर्चे निघतात, बैठका होतात, बातम्या छापून येतात. धुराची दखल कुणी घेत नाही. माझ्या मते धूर आणि टँकर हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत, आणि या आठवड्यात मला तो हिशेब मांडायचा आहे.

पाऊस किती पडावा हे आपल्या हातात नाही. पडलेला पाऊस जमिनीत धरून ठेवणारे गवत, पाचट आणि पालापाचोळा राखायचा की जाळायचा, हे मात्र सर्वस्वी आपण ठरवतो. आणि आपण दरवर्षी जाळायचे ठरवतो. दुष्काळाचा एक वाटा आभाळातून येतो, दुसरा आपण खिशातल्या काडीपेटीतून काढतो.

*

आधी आभाळाचा वाटा. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटाच्या पठारावर बसला आहे. पूर्वेचे पाणी मांजरा-तेरणेतून गोदावरीला जाते, पश्चिमेचे आणि दक्षिणेचे सीना-बोरीतून भीमेला. आपण पाणलोटाच्या माथ्यावर. आपल्याकडे दुसऱ्याचे पाणी फारसे वाहत येत नाही. जे पडेल त्यावरच मुख्यतः भागवायचे. म्हणून तर धाराशिव शहराला उजनीहून पाइपलाइन टाकून पाणी आणावे लागले.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा सगळ्या देशाचे लक्ष लातूरकडे होते. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण तेव्हा आटले होते. त्या धरणाला लागून असलेला कळंब तालुका आपलाच. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुके जाहीर झाले, त्यांत धाराशिव, वाशी आणि लोहारा होते.

आणि मग आला २०२५ चा सप्टेंबर. भूम-परंडा भागात सीनेला आणि तिच्या ओढ्यानाल्यांना असा पूर आला की छतांवर अडकलेल्या माणसांना सोडवायला बोटी आणि हेलिकॉप्टर आणावी लागली. गोठ्यात बांधलेली जनावरे दावणीलाच मेली. रानेच्या राने खरडून गेली, पिढ्यान् पिढ्या जमलेली माती एका रात्रीत नदीत गेली.

धरणे भरली, आता दोन-तीन वर्षे घोर नाही, असे तेव्हापासून ऐकू येते आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. जास्त पावसाचे वर्ष वणव्याची तयारी करून जाते. पाऊस चांगला झाला की गवत कमरेला लागते, धरण भरले की ऊस वाढतो, आणि डिसेंबरनंतर हे सगळे वाळते. ओल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात जळण्यासारखे सर्वांत जास्त असते. खरडून गेलेल्या जमिनीला पाचटाची आणि गवताच्या मुळांची गरजही त्याच वर्षी सर्वांत जास्त असते. ज्या रानात माती भरायला सरकारकडे मदत मागितली, त्याच रानाच्या बांधाला काडी लावायची, हे कसे चालेल?

*

एखाद्या फडापाशी थांबून बघा. तोड संपली, टोळी पुढच्या गावाला गेली. मागे गुडघ्याएवढे पाचट. खोडवा ठेवायचा आहे, सऱ्या दिसत नाहीत, पाणी फिरत नाही, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. उन्हे कलली की शेतकरी वाऱ्याचा अंदाज घेतो आणि एका कडेने काडी लावतो. फटाक्यांसारखा तडतडाट होतो. पळणाऱ्या किड्यांवर झेपावायला कोतवाल आणि घारी वर जमतात. बघता बघता एकर मोकळा. विझल्यावर मातीत बोटे घातली तर वरचा थर भाजून भुकटी झालेला असतो. ठिबकची एखादी नळी काढायची राहिली असेल तर ती वितळून सरीला चिकटलेली. ‘रान साफ झालं’ म्हणून माणूस घरी जातो.

साफ काय झाले ते पाहू. हेक्टरी ८ ते १० टन पाचट. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, थोडे स्फुरद, थोडे पालाश आणि सर्वांत महत्त्वाचा सेंद्रिय कर्ब. नत्र आणि कर्ब धुरात गेले. राख राहिली, ती पहिल्या जोराच्या वाऱ्याने किंवा वळवाने जाते. आपल्या माती परीक्षणाच्या पत्रिकांवर सेंद्रिय कर्बापुढे ‘कमी’ हा शेरा वर्षानुवर्षे पडतो आहे आणि आपण दुकानातून पोत्यावर पोती आणतो आहोत. आगीने पाचटाबरोबर गांडुळे, बुरशी, जिवाणू गेले. त्याहून मोठे नुकसान म्हणजे जमिनीवरचे पांघरूण गेले. मार्च ते मे या तीन महिन्यांत उघड्या मातीतली ओल ऊन ओढून घेते. पाचट सरीत राहिले तर ओल टिकते आणि खोडव्याच्या पाण्याच्या पाळ्या कमी होतात, हे पाचट राखणारा कुठलाही शेतकरी सांगेल.

पाण्याच्या प्रश्नावर ऊस आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. मराठवाड्यात ऊस नको, असा अहवालच तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी २०१९ मध्ये सरकारला पाठवला होता. त्यावर पुढे काही हलले नाही. उसाला हमखास भाव आहे, हमखास गिऱ्हाईक आहे, तोवर शेतकरी ऊस लावणार; सोयाबीनने हात दिला असता तर त्यानेही दुसरा विचार केला असता. पण ऊस लावायचा आणि वर त्याचे पाचटही जाळायचे, म्हणजे पाणी दोनदा वाया घालवायचे. एकदा पिकाला पाजताना, दुसऱ्यांदा जमिनीतली ओल उडवताना.

उपाय काही गुपित नाही. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटाची कुट्टी करून सरीत पसरायची, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकायचे, आणि पाणी द्यायचे. कृषी विद्यापीठे सांगतात, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सांगते, गावचा कृषी सहायक सांगतो. वर्षानुवर्षे नुसते सांगणेच चालू आहे. कुट्टी यंत्र मात्र तोडीच्या ऐन भरात गावात मिळत नाही, आणि मिळाले तर त्याचे तासाचे भाडे दोन एकरवाल्याच्या आवाक्यात नसते. काडीपेटी मात्र प्रत्येक किराणा दुकानात मिळते.

*

उभा ऊस जाळण्याची गोष्ट याहून वाईट आहे. कारखान्याकडे उसाची नोंद असते, पण तोडीचा नंबर येत नाही. तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय आज-उद्या करतो. टोळी एकराला खुशालीचे पैसे मागते. ऊस तुऱ्यावर येतो, वजन घटू लागते. अशा वेळी शेतकऱ्याला एक वाट माहीत असते: जळालेला ऊस तातडीने न्यावा लागतो, कारण तो ठेवला तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. म्हणजे फड पेटला की नंबर लागतो. बिलात जळिताची कपात होते, ती सोसायची. टोळीलाही पाला काढावा लागत नाही, कोयता भराभर चालतो.

जी व्यवस्था जाळणाऱ्याला आधी आणि राखणाऱ्याला नंतर विचारते, तिथे आग लागणारच. यात मी एकट्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. नोंदीप्रमाणे तोड देणे हे कारखान्याचे काम आहे. ते चोख झाले तर निम्म्या काड्या खिशातच राहतील.

काही फड मात्र कुणीच जाणूनबुजून पेटवत नाही. खांब वाकलेले, तारा लोंबकळलेल्या. वारा आला, तार तारेला घासली, ठिणगी पडली. वर्षभर जपलेला ऊस तासाभरात काळा. मग पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, हेलपाटे. ऊस पक्व व्हायच्या आत, दिवाळीपूर्वी, फडावरच्या तारा ताणून घेणे हे अवघड काम नाही. खर्चही भरपाईपेक्षा कमीच येईल.

*

आता या सगळ्यातली मला सर्वांत जास्त लागणारी बाब. उसाचे वाढे. तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा. टोळीतल्या बायका त्याच्या पेंढ्या बांधून विकतात, गावातली जनावरे त्यावर हिवाळा काढतात. फड पेटवून तोडला की वाढे संपले. एका फडाचे वाढे म्हणजे चार-सहा दुभत्या जनावरांची कित्येक दिवसांची वैरण.

आणि २०१९ च्या छावण्या आठवा. तिथे जनावरांपुढे काय होते? ऊस. कांड्या करून टाकलेला ऊस. सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपयांपर्यंत देत होते. जानेवारीत फुकट मिळणारे वाढे जाळायचे आणि एप्रिलमध्ये सरकारी पैशाने ऊस विकत घेऊन तोच जनावरांना घालायचा. तिजोरीतला पैसा आपलाच होता. छावणीत जनावरापाशी घोंगडी टाकून महिनोन् महिने राहिलेले म्हातारेही आपलेच होते.

भूम तालुक्यातला खवा आणि कुंथलगिरीचा पेढा महाराष्ट्रभर नावाजलेला. तो दुधावर उभा आहे, दूध वैरणीवर. तिकडे पिकाचा भरवसा नाही म्हणून लोक म्हशीवर संसार चालवतात. वैरणीला लागलेली प्रत्येक काडी भूमच्या भट्टीवरचा एक घाणा कमी करते.

पूर्वी ज्वारी होती. शाळूचा कडबा घरोघर गंजी लावून ठेवलेला असायचा. एका चांगल्या वर्षाचा कडबा पुढच्या वाईट वर्षाला पुरायचा. सोयाबीन आले, ज्वारी मागे हटली. सोयाबीनचे भुस्कट जनावर कडब्यासारखे आवडीने खात नाही. म्हणून आज कडबा शेकड्याच्या भावाने विकत आणावा लागतो, आणि ज्याच्याकडे गंज आहे त्याच्याकडे शेजारी आशेने बघतात. ती गंज पेटली तर?

पेटते. जवळचा बांध कुणी पेटवलेला असतो, ठिणगी उडते. सुगीत कापलेल्या सोयाबीनची बनीम लावलेली असते, भाव येईल म्हणून मळणी लांबवलेली असते. रात्री जाळ दिसतो. लोक घागरी-बादल्या घेऊन धावतात. नगरपालिकेची अग्निशामक गाडी तालुक्याच्या गावाहून निघून पाणंदीच्या तोंडाशी पोचते तोवर विझवायला फक्त राख असते. बांध पेटवताना वारा फिरला, आग विझवायला धावलेला वयस्क शेतकरी होरपळून गेला, अशा बातम्या मराठवाड्यातून दर उन्हाळ्यात येतात. दोन ओळींची बातमी, पान पाच. एका बांधावरच्या गवतापायी माणूस जातो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या बांधाला पुन्हा काडी लागते.

*

बांधाचेही ऐकून घ्या. बांधावर हरळी असते, मारवेल असते, बोराटी, एखादा लिंब, एखादी बाभूळ. त्यांची मुळे बांध धरून ठेवतात. उताराने आलेले पाणी त्यात अडते, मुरते. सरकारने जलयुक्त शिवारावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले आणि भूजल वाढवण्यात त्या कामांचा फारसा उपयोग झाला नाही, असा ठपका कॅगने २०२० मध्ये ठेवला. त्या अहवालावर सत्ताधारी आणि विरोधक भरपूर भांडले. पण शिवारातला सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि कुठल्याही कंत्राटदाराविना तयार झालेला बंधारा म्हणजे गवताचा बांध. त्याला आपण आगपेटीने फोडतो आणि मग जेसीबी मागतो.

पाणी मुरत नाही म्हणून बोअर. आपल्या काळ्या बेसॉल्टात पाणी वरच्या झिजलेल्या, फुटलेल्या थरात असते. ते भरायला वरची जमीन भुसभुशीत आणि झाकलेली हवी. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरखाली खोदायला बंदी घातली आहे, आणि बोअरच्या गाड्या सर्रास त्याच्या कितीतरी खाली जातात. खाली जाऊन निघते काय? फुफाटा. खर्च लाखाच्या घरात, आणि तो बहुधा सावकाराचा.

*

माळरानाबद्दल एक समजूत गावोगाव पक्की आहे: जाळले की पावसाळ्यात गवत चांगले येते. जळालेल्या माळावर हिरवे कोंब लवकर डोळ्यांत भरतात, एवढेच खरे. दरसाल जाळलेल्या माळावर आगीला तोंड देणारी कुसळी जोर धरते आणि मारवेल, पवन्या यांसारखी जनावराला मानवणारी गवते मागे पडतात. कुसळीचे काटेरी कूस मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. जाळून आपण चाऱ्याच्या जागी कुसळ वाढवतो.

या माळांवर ज्या शेळीने जिल्ह्याचे जुने नाव देशभर नेले, ती उस्मानाबादी शेळी चरते. काळी, काटक, कमी पाण्यात तगणारी, एका वेताला अनेकदा दोन करडे देणारी. ती भूमिहीनाची, विधवेची, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या म्हातारीची असते. तिला बोरीचा पाला लागतो, बाभळीच्या शेंगा लागतात, हिवराची झुडपे लागतात. माळ पेटवणारा बहुधा जमीनवाला असतो आणि त्याचा फटका ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला बसतो. टिटवी आणि तित्तर माळाच्या भुईवरच अंडी घालतात, तीही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यांचे ऐकणारे कुणी नाही.

उसाचे रान आणि वाळलेले गवत एकत्र आले की काय होते, ते जगाने ८ ऑगस्ट २०२३ ला हवाई बेटांवर पाहिले. लहायना या गावाभोवती पूर्वी उसाचे मोठे मळे होते. मळे बंद पडले, त्या रानात बाहेरून आलेले गवत माजले, कुणी त्याकडे लक्ष दिले नाही. कोरडे वर्ष, वादळी वारा, एक ठिणगी. शंभरावर माणसे गेली आणि गाव जळून गेले. ते जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले गाव होते, बंब होते, नळ होते. आपल्या वाडीवस्तीवर काय आहे?

*

जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याच्याही आत आहे. एवढ्याशा जंगलातला येडशी-रामलिंग घाट हा जपून ठेवावा असा तुकडा. १९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झाला, क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ इथे दिसला. लोक घाबरले, जनावरे गेली, त्याला पकडायला ताडोबाहून पथक आले. हे सगळे खरे. पण गेली कित्येक दशके ज्या मुलखात वाघ नव्हता, तिथे त्याला आडोसा मिळाला, शिकार मिळाली, पाणी मिळाले. त्या २२ चौरस किलोमीटरची याहून मोठी पावती कुठली?

त्या घाटातून महामार्ग जातो, रेल्वे जाते, श्रावणात रामलिंगाला यात्रा भरते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचे पट्टे ठरवून साफ करायचे, की आग आली तर तिथे थांबेल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश पाठवते. अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण तुटपुंजे वनरक्षक, रोजंदारीवरचे मोजके मजूर, हातात झाडाच्या ओल्या फांद्या. कायदा डोंगर चढेपर्यंत उतार जळून जातो. आणि उरलेल्या नव्याण्णव टक्के जिल्ह्याचे काय? गायरान पेटले तर तहसीलदार म्हणतात ग्रामपंचायत, ग्रामपंचायत म्हणते वन विभाग, वन विभाग म्हणतो आमची हद्द नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘हरित धाराशिव’ म्हणून एका दिवसात लाखो रोपे लावली गेली. शाळेतल्या पोरांनी खड्ड्यात माती लोटली, मंत्री आले, अधिकारी राबले. ज्यांनी ते मनापासून केले त्यांना माझा सलाम. आता खरी परीक्षा आहे. रोपाला पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी तर लागतेच, शिवाय भोवतीचे वाळके गवत वेळेवर कापलेले लागते. एक वणवा दिवसभराची लाखो रोपे एका दुपारी संपवू शकतो. जगलेल्या रोपांची मोजणी दर जूनमध्ये जाहीर करा. लावल्याचा आकडा आता पुरे झाला.

*

दिल्लीत भाताच्या पराळीचा धूर शिरला की सर्वोच्च न्यायालय जागे होते, दंड लागतात, यंत्रांना अनुदान मिळते. आपला धूर बालाघाटावरून विरून जातो, म्हणून तो कुणाचा प्रश्न नाही. आपला प्रश्न आपणच हाती घ्यावा लागेल. त्यासाठी नवी योजना नको, नवे महामंडळ नको. मी मागतो ते सगळे आहे त्या यंत्रणेत होण्यासारखे आहे.

कारखान्यांनी जळिताला आपोआप पहिला नंबर देणे थांबवावे. आग अपघाताने लागली हे पंचनाम्यात दिसले तरच तातडीची तोड द्यावी. ज्याने पाचट राखले त्याला पुढच्या हंगामात नोंदीत अग्रक्रम द्यावा. उसाच्या बिलातून नाना कपाती होतातच. त्याच बिलातून वळती करून घेण्याच्या बोलीवर प्रत्येक टोळीमागोमाग कुट्टी यंत्र पाठवावे. बियाणे आणि खते उधारीवर देणाऱ्या कारखान्याला हे जड नाही.

ग्रामसभांनी जानेवारीतच ठराव करावा: बांध, गायरान, माळ पेटवायचा नाही. गायरानाचे गवत ‘कापा आणि न्या’ या पद्धतीने वाटून द्यावे, पहिला हक्क शेळ्या-म्हशी पाळणाऱ्या भूमिहीन बायकांचा. कापलेले गवत जळत नाही. जाळरेषा आणि गवतकापणी रोजगार हमीच्या कामांत घ्यावी. रोजगार हमी याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळाच्या धगीत घडवली. तिचे या कामाइतके जुळणारे काम दुसरे नसेल.

अग्निशामक गाडी येईपर्यंत काय, याचे उत्तर आपल्या द्राक्षबागांत उभे आहे. फवारणीचा ट्रॅक्टर ब्लोअर: पाण्याची टाकी, दाबाचा पंप, पाणंदीत शिरणारी गाडी. गावातले असे दोन-चार ब्लोअर, त्यांच्या मालकांचे फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आणि उन्हाळाभर एका टाकीत भरून ठेवलेले पाणी, एवढे असले तरी गंज वाचेल.

महसूल खात्याने पंचनाम्यात जळालेली वैरण मोजावी. आज कडब्याची गंज जळाली तर ती कुठल्या रकान्यात बसवायची यावर तलाठी अडतो. पीक मोजता तशी वैरण मोजा, कारण या जिल्ह्यात वैरण हेच अर्धे पीक आहे.

आणि आपण शेतकऱ्यांनी. एक वर्ष, फक्त एका एकराचे पाचट जाळू नका. एकर मोठे वाटत असेल तर दहा गुंठे. शेजारी जळालेला तुकडा ठेवा आणि मे महिन्यात दोन्हीकडे फावडे मारून ओल बघा. या जिल्ह्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी घरच्या एकरभर रानात आधी खाण्याचे पीक, सेंद्रिय खत आणि कमी पाणी असा संसार उभा करून दाखवला. नवऱ्यांकडून एकर मागून घ्यायला त्यांना किती भांडावे लागले असेल! त्यांनी करून दाखवले. बाकीच्यांनी दहा गुंठ्यांची भीती बाळगू नये.

ग्रामपंचायतींना शेवटची विनंती. टँकर मागणारा ठराव तहसीलला पाठवाल, तेव्हा त्यात एक ओळ वाढवा: यंदा आमच्या शिवारात इतके एकर जाळले. तहसीलदारांनी ती ओळ नसलेला ठराव परत पाठवावा. त्यापायी टँकर मात्र कुणाचाही अडवू नये, तहान आधी भागलीच पाहिजे. पण तो आकडा दरवर्षी लिहावा लागला, चावडीवर वाचला गेला, शेजारच्या गावाच्या आकड्याशेजारी लागला, की पुढच्या फेब्रुवारीत काडी ओढणारा हात नक्की थबकेल.